नागूबाईच्या चुलीवरचा रस्सा

डुकराची वजडी, म्हणजे पोट, धुणं हे येरागबाळ्याचं काम नाही. बकऱ्याची वजडी टॉवेलासारखी खरखरीत असते. चुन्याच्या गरम पाण्यात बुडवून खरवडली की काळी साल निघते आणि खाली पांढरंशुभ्र उरतं. डुकराच्या पोटाला आतून बुळबुळीत चिकटा असतो. तो मिठानं चोळायचा, ज्वारीच्या पिठानं चोळायचा, चिंचेच्या कोळानं चोळायचा, आणि एवढं करून पहिल्या उकळीचं पाणी फेकूनच द्यायचं. एवढंही जमतं माणसाला. हाताचा वास तेवढा जात नाही. चिंताकी गावच्या ओढ्यावर सोजराबाई वजडी धुवायला बसायची तेव्हा अर्धा वेळ वजडीला लागायचा आणि अर्धा स्वतःच्या हातांना. आधी राख, मग लिंबाचा पाला, मग पुन्हा राख. घरी तिचा नवरा अंबाजी होता, आणि अंबाजीचं सगळं अंग झिजलं असलं तरी नाक शाबूत होतं.

अंबाजीला क्षयानं धरलं होतं. बीदरच्या दवाखान्यात राहून, सुया टोचून घेऊन तो दिवाळीनंतर घरी आला तेव्हा सदरा खुंटीला टांगावा तसा त्याच्या अंगावर लोंबत होता. डॉक्टरनं सोजराबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषध आपलं काम करील बाई, पण ते काम करायला अंगात काहीतरी पाहिजे. दूध, अंडी, मटण द्या. नाहीच जमलं तर पायाचा रस्सा तरी द्या. नुसत्या आंबिलीवर हा माणूस उन्हाळा बघणार नाही." सोजराबाईनं मान हलवली. सांगणाऱ्याचं काय जातं? चिंताकीत बकरं कापलं जायचं ते सणावाराला, आणि म्हशी होत्या त्या पाटलाच्या. ती घरी येऊन आंबिलीत मीठ टाकायची, अंबाजी दोन घोट घ्यायचा आणि वाटी सरकवून द्यायचा. रोज तो थोडा कमी होत होता आणि ती रोज ते बघत होती.

त्या हिवाळ्यात म्हैसूर सरकारनं औरादकडं जाणारी सडक काढली होती. खडी फोडायला वडारांची पालं ओढ्याकाठी पडली. पालांभोवती डुकरं हिंडायची. सोजराबाई तिथं सरपणाला जायची, आणि लिंगम्मा नावाच्या वडारणीशी तिची ओळख झाली. लिंगम्मा अर्धी तेलुगू, अर्धी मराठी बोलायची, पण दुःख विचारायला भाषा कशाला लागते.

"अक्का, माझा मोठा पोरगा असाच वाळला होता," लिंगम्मा म्हणाली. "डुकराच्या पोटाचा रस्सा पाजला. आता बघ, खडी फोडायलाय." आणि तिनं बोटानं दाखवलेला पोरगा खरंच घण उचलत होता. त्यांच्यात रीत अशी की डुक्कर कापलं की आतडी-पोट जो धुऊन देईल, पोट त्याचं. लिंगम्मानं पुढं विचारलंच, "धुऊन देशील का?"

ह्या एका प्रश्नात सगळा फास होता.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी सगळ्या वस्तीनं विहारासमोर बसून एक शपथ घेतली होती. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, पण शपथ पक्की होती. डुक्कर खाऊ नका, असं कुणी म्हटलं नव्हतं. विकत घ्या, पाळा, कापा, खा. पण कामाच्या बदल्यात कुणाच्याही दारचं पोट-आतडं घरी आणायचं नाही. पिढ्यान् पिढ्या तेच पदरात पडलं होतं, ते आता बंद. आणि ही शपथ घालणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, तो अंबाजीच होता. लहानपणी बापानं त्याच्या डोक्यावर आतड्याची टोपली दिलेली. टोपलीतलं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरायचं आणि गावातली पोरं नाक धरून मागं पळायची. "त्ये पानी आजून माझ्या डोळ्यात हाय," असं त्यानं त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा म्हातारी माणसं मान खाली घालून रडली होती. बायांनीही शपथ घेतली. सोजराबाई त्यांत पहिल्या रांगेत होती, आणि नवऱ्याच्या आवाजाचा तिला त्या दिवशी केवढा तरी अभिमान वाटला होता.

त्याच सोजराबाईनं लिंगम्माला हो म्हटलं. तिनं फार विचार केला असं नाही. माणूस बुडत असताना दोर कुणाच्या आडाचा ते कुणी बघत नाही.

शिजवायचं कुठं हा पुढचा प्रश्न. वस्तीच्या टोकाला नागूबाई राहायची. एकटी, विधवा, तोंडानं फटकळ. तिचा भाऊ औरादला एका खाटकाकडं कामाला होता, म्हणजे बकऱ्याचे पाय तिच्या घरी आले तर कुणाच्या भुवया वर जाणार नव्हत्या. सोजराबाईनं तिच्यापुढं पदर पसरला.

"सोजर, कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हाईल का?" नागूबाई म्हणाली.

"फुटू दे मावशी. तवर त्यो जगू दे."

नागूबाईनं कपाळाला हात लावला आणि चूल पेटवली.

मग दर बाजाराच्या आदल्या दिवशी ते सुरू झालं. सोजराबाई पोट धुऊन पदराखाली घेऊन यायची. उकळी आली की नागूबाई ते पाणी मागच्या शेवग्याच्या बुडाशी ओतायची. मग हळद, लसूण, मिरे, भाजलेलं खोबरं आणि वरून येसराचं भाजकं पीठ, की मंद जाळावर दुपारभर रटरट. फोडी वाढायची सोय नव्हती, कारण डुकराच्या पोटाची गुळगुळीत फोड अंबाजीच्या जिभेनं लगेच ओळखली असती. म्हणून त्या शिजल्या की पाट्यावर गंधासारख्या वाटायच्या आणि रस्स्यातच मिसळायच्या. मीठ चाखायची ती नागूबाई. सोजराबाई झाकण लावून घरी न्यायची आणि म्हणायची, "मावशीच्या भावानं पाय दिलेत."

अंबाजीनं पहिल्यांदा नुसता वास घेतला. ती झाकण हातात धरून उभी. मग त्यानं भाकरीचा तुकडा बुडवला, मग दुसरा. पहिल्या आठवड्यात वाटी रिकामी व्हायला लागली, संक्रांत उलटली तेव्हा तो काला करून खायला लागला. हाडांवर जरा मांस धरलं. एक दिवस काठी न घेता तो चिंचेपर्यंत जाऊन आला आणि हसत म्हणाला, "मावशीच्या भावाला आवतन धाड गं. बकऱ्याच्या पायानं मला पाय फुटलेत." सोजराबाईही हसली. हसता हसता चुलीकडं तोंड फिरवून डोळे पुसले. ते सुखाचं रडू होतं की भीतीचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पायांमागोमाग आवाजही परत आला. खोकल्यानं चिरकलेला, दबलेला त्याचा आवाज मोकळा झाला आणि माणसं पुन्हा सल्ल्याला येऊन बसायला लागली. पिराजी नावाचा तरुण विहाराची झाडलोट बघायचा. अंबाजीनंच त्याला अक्षर शिकवलं होतं. तो तर दिवसभर अंबाजीपाशीच पडून असायचा.

आणि हाच पिराजी माघी पौर्णिमेच्या सकाळी काठीच्या टोकावर काहीतरी धरून आला. शेवग्याच्या बुडाशी मुरलेल्या पाण्याचा वास कुत्र्यांना कळायला कितीसा वेळ लागतो? नागूबाईनं खरवडलेला चिकटा आणि कडेचे तुकडे तिथंच पुरले होते. कुत्र्यांनी ते उकरून थेट विहाराच्या दारात आणून टाकले, आणि उकरलेला खड्डा नागूबाईच्या परसात उघडाच होता. तुकडा कशाचा आहे हे तिथं कुणाला शिकवायची गरज नव्हती. नागूबाई विकत घेणाऱ्यातली नाही आणि डुक्कर पाळणाऱ्यातलीही नाही. मग आलं कुठून?

दुपारी सगळी वस्ती विहारासमोर बसली. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. मधे अंबाजी, घोंगडीवर ताठ बसलेला. नागूबाईला पुढं बोलावलं.

"मावशी, वडाराच्या पालावरनं वजडी आली का तुझ्या घरी?" अंबाजीनं विचारलं.

नागूबाईनं बायांकडं एकदा बघितलं. सोजराबाईशी नजरानजर झाली, न झाली. "व्हय," ती म्हणाली. "आली."

"धुणावळीची? कामाच्या बदल्यातली?"

"धुणावळीची."

"कामून?"

"म्हातारपनी जीभ आवरना बाबा. खाल्ली म्या."

बायांत कुजबूज झाली. अंबाजी उभा राहिला आणि बोलायला लागला. काय बोलला तो! शब्द न् शब्द ओढ्यापलीकडं जावा असा. "जिभेसाठी? ज्या घासापायी आपल्या बापजाद्यानं मान खाली घातली, त्यो घास जिभेसाठी? आपन मेलो तर मरू, पर मिंधं हून जगायचं न्हाई." माणसं माना डोलावत होती. सोजराबाई ऐकत होती. हा आवाज तिनं वाटीवाटीनं भरला होता. त्याच आवाजानं तो त्या म्हातारीला सोलत होता, आणि म्हातारी खाली मान घालून जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती. गप्प बसलं तर अंबाजी जगणार होता. बोललं तर तो वाटीला पुन्हा शिवणार नव्हता, आणि डॉक्टरचं बोलणं तिच्या कानात अजून तसंच होतं.

अंबाजीनं शिक्षा सांगितली. "वरीसभर हिच्या दारात कुनी जायचं न्हाई. हिच्या हातचं पानी कुनी..."

"जिभेसाठी न्हाई," सोजराबाई म्हणाली. ती कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. "तुमच्या छातीसाठी. वजडी म्या धुतली, म्या आनली. मावशीनं चूल दिली निस्ती. तुमी पाय म्हनून खाल्लात त्ये त्येच हाय."

पिराजीनं अंबाजीच्या तोंडाकडं बघितलं आणि पटकन नजर वळवली. अंबाजीचा हात मघाशी बोलताना वर गेलेला, तो तसाच राहिला होता. तो त्यानं सावकाश खाली घेतला.

"नियम त्यो नियम," शेवटी तो म्हणाला. आता त्याला कष्टानं बोलावं लागत होतं. "मावशीच्या जागी आमचं घर धरा. वरीसभर आमच्या दारात कुनी येऊ नगा." आणि घोंगडी तिथंच टाकून तो घरी निघाला.

सोजराबाई मागोमाग गेली. तो भिंतीला पाठ लावून बसला होता.

"कवापासून?"

"संक्रांतीच्या आदीपासून."

"तू बी खाल्लीस?"

"न्हाई. मीठ बी चाखलं न्हाई. शपथ घेतली होती म्या."

तो हसला. त्या हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "म्हंजी तू सोवळी ऱ्हाइलीस, आन मला बाटवलंस."

सोजराबाईनं ऐकलं आणि तिच्या अंगातून आग निघाली. "काय म्हनलात? बाटवलं? लोक आपल्याला बगून म्हनायचे त्यो सबुद. आडावर गेलं तर म्हनायचे, सावली पडली तर म्हनायचे. ह्यो सबुद आपल्या वस्तीत पुन्हा यायचा न्हाई, आसं कोन म्हनलं होतं? आज तुमच्याच तोंडातनं आला, आन माझ्यासाठी आला."

अंबाजीनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला बोलण्यात जिंकली होती आणि जिंकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचं तोंड तिला बघवेना.

ती नागूबाईकडं जाऊन आदल्या दिवशीचं पातेलं घेऊन आली, पदराखाली न झाकता, भर वाटेनं. आपल्या चुलीवर ठेवलं, झाकण काढून. सगळ्या घरात वास भरला. ताटात भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"आता ह्यात खोटं न्हाई," ती म्हणाली. "खावा, न्हाई तर ऱ्हावा."

मग त्यानं हात पुढं केला आणि जेवला. सगळं जेवला, वर एकदाही न बघता. तो जेवावा म्हणून तिनं काय नाही केलं! आणि तो जेवायला लागला तेव्हा ती उठून अंगणात जाऊन उभी राहिली.

अंबाजी जगला. उन्हाळा बघितला, पाऊस बघितला. बीदरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून म्हटलं, "पायाचा रस्सा लागू पडला बघा," आणि अंबाजीनं जमिनीकडं बघत सदऱ्याची बटणं लावली. वर्षभर दारात कुणी आलं नाही, एक नागूबाई सोडून. "मला कुनी इचारलंय का?" म्हणून ती दुसऱ्याच दिवशी येऊन उंबऱ्यावर बसली होती. वर्ष सरलं तशी माणसं यायला लागली, जुनं कुणी काढलं नाही.

पुढच्या जयंतीला विहारासमोर मंडप पडला. पिराजीनं चारचौघांत हाक मारली, "अंबाजीदादा, दोन शब्द बोला." अंबाजीनं मागच्या रांगेतून हात हलवला. "आवाज बसलाय रं. तूच बोल." सोजराबाई बायांत नागूबाईच्या शेजारी बसली होती. आवाज बसला नव्हता. त्याच सकाळी शेरडं हाकताना त्यानं दिलेली हाक ओढ्यापलीकडून परत आली होती.

मग पिराजी बोलला. तीच वाक्यं, तीच टोपली, तेच डोळ्यातलं पाणी, सगळं अंबाजीचंच. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत अंबाजीनंही वाजवल्या, भरलेल्या, धडधाकट दंडांनी. सोजराबाईला मात्र हात उचलवेनात.