न वाजलेल्या पिस्तुलाचे दावेदार

मिस्टर व्रोबेल यांना पुस्तक वाचून दाखवायचं म्हणजे शेवटच्या पानांपासून सुरुवात करावी लागे. लेखक कोण, चित्रं किती, कशात म्हणजे कशात त्यांना रस नसे. मी खुर्चीत टेकते न टेकते तोच ते म्हणत, "सूची काढ. क्वेड बघ. लेस्टर क्वेड."

नाव सापडलं की मी ते पान काढून वाचायची. ऐकता ऐकताच ते उठत, खिडकीपर्यंत सहा पावलं जात, सहा पावलं परत येत. दृष्टी जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्या सहा पावलांत मी त्यांना कधी अडखळताना पाहिलं नाही. मजकूर संपला की एकच वाक्य: "परत पाठव, दुसरं मागव."

मी मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या ग्रंथालयात दुपारी दोनपर्यंत काम करायची. आमच्या चर्चच्या सिस्टर चालवतात ते वृद्धाश्रम तिथून दोन चौक पलीकडे. त्या वर्षी, सत्याऐंशी साली, उपवासकाळात रोज एक तास कुणाला तरी वाचून दाखवायचं असं मी धरलं होतं. ईस्टर झाला, उपवासकाळ सरला, पण माझं वाचन काही सुटेना. मिस्टर व्रोबेलना हवं ते पुस्तक मिळालंच नव्हतं, तर मी मध्येच कशी उठणार?

टीव्ही यायच्या आधी घरोघरी माणसं संध्याकाळी रेडिओभोवती बसून नाटकं ऐकत, त्या दिवसांवरचं चांगलं पुस्तक त्यांना हवं होतं. त्या दिवसांत ते शिकागोच्या एका स्टुडिओत आवाज करायच्या कामावर होते. नट बोलत, आणि मागे उभे राहून हे दारं लावत, जिने चढत, घोडे दौडवत. माझा आवाज लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "पोरी, तुझ्यासमोर आमच्या मायक्रोफोननं राजीनामा दिला असता." मी पंचावन्न वर्षांची होते, तरी पोरीच होते.

ऑक्टोबरपर्यंत अकरा पुस्तकं झाली. मी मागणीच्या चिठ्ठ्या भरभरून दुसऱ्या गावांतल्या ग्रंथालयांतून मागवत होते, मॅडिसनहून, आयोवाहून, एक तर थेट ओरेगनहून आलं. एका लेखकाबद्दल ते म्हणाले, "हा स्टुडिओत उभा राहिलेला नाही. यानं दुसऱ्याचं पुस्तक उभ्याउभ्या वाचलंय." दुसऱ्यानं सगळं वर्तमानपत्रातल्या कार्यक्रमांच्या यादीवरून लिहिलं होतं. आयत्या वेळी कार्यक्रम बदलला की ती यादी खोटी, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पण अकराच्या अकरा पुस्तकांत तो एक किस्सा मात्र होता. एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं घेतलेला. अडतीस सालच्या मार्चमध्ये, थेट प्रसारण चालू असताना, खलनायक म्हणतो, "आता मर!" आणि बार होतच नाही. नुसतं टक् वाजतं. अशा वेळेसाठी दुसरं पिस्तूल तयार ठेवत. तेही टक्. दोन-चार क्षण सगळ्या देशात सामसूम. मग तो नट म्हणतो, "तुझ्यावर गोळी कशाला वाया घालवू? चल, तुला उंदराचं औषध पाजतो." लोक म्हणे आठवडाभर हसत होते. आणि प्रत्येक पुस्तकात पुढे तेच: पिस्तुलं भरायला विसरलेल्या माणसाचं नाव लेस्टर क्वेड.

"मला असं पुस्तक हवंय," मिस्टर व्रोबेल म्हणायचे, "ज्यात त्या रात्रीपुढे लेस्टरचं नाव नाही." का, ते सांगत नव्हते. मीही विचारलं नाही. पण अकरावं पुस्तक परत बांधताना माझं मला राहवेना. घरी जपमाळ हातात घेतली की मणी पुढे सरकत आणि मन त्या सूचीच्या पानावर. एवढं खरं पुस्तक लिहिणार तरी कोण, असं मी त्यांना दुसऱ्या दिवशी म्हणाले. ज्यानं लिहिलं त्याला ठाऊक हवं ना?

ते येरझारा घालत होते ते थांबले. "ठाऊक असलेला एकच उरलाय," ते म्हणाले. "पिस्तुलं भरायचं काम माझं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानंच. त्या दिवशी त्यांची बायको पहिल्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. ते दर दहा मिनिटांनी फोनकडे धावत होते. नुसता बार करणारी काडतुसं डबीत तशीच राहिली. लेस्टर त्यांचा जोडीदार, दुसरं पिस्तूल त्याच्या हातात होतं एवढंच. प्रसारण संपल्यावर साबणवाल्या प्रायोजकाचा माणूस आत आला आणि हे काम कुणाचं म्हणून विचारलं. मिस्टर व्रोबेल आपल्या बुटांकडे बघत राहिले. लेस्टर म्हणाला, माझं. सोमवारी त्याला काढलं. तो इंडियानात आपल्या गावी गेला आणि सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात उभा राहिला. मिस्टर व्रोबेलना मुलगी झाली, आणि पुढची एकोणीस वर्षं ते आवाज करत राहिले. लेस्टर पंच्याहत्तर साली गेला.

मी म्हटलं, हे फादरना सांगितलंत का?

"तीन फादरना सांगितलं. तिघांनी क्षमा केली. पुस्तकात अजून तसंच आहे."

मी कागद काढला. त्या अकरांतलं सगळ्यात खपणारं पुस्तक ज्यांचं, ते हॅनफोर्ड नावाचे गृहस्थ ॲरिझोनात राहत, आणि त्यांची नवी आवृत्ती येणार असं मी कुठेतरी वाचलं होतं. मिस्टर व्रोबेलनी आधी सांगितलं, "दुसऱ्या कुणाची तरी चूक होती, असं लिही." मी हळूच म्हटलं, दुसऱ्या कुणाला सूचीत कुठे घालणार? त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "बरं, माझं नाव घाल. डब्ल्यूच्या पानावर जागा असते."

उत्तराची वाट बघण्याचे तीन आठवडे वाईट गेले. ते जेवणाचं ताट तसंच परत पाठवू लागले. मला दुपारी दोननंतर यायचं असे, तर पत्र घेऊन मी आले का, असं त्यांनी एकपासून सिस्टर बर्निसला विचारून विचारून हैराण केलेलं असे. सिस्टर मला जिन्यात गाठून म्हणाली, "अडेलीन, तुझ्या त्या पुस्तकांपेक्षा याला पत्ते शिकवले असतेस तर बरं झालं असतं."

पत्र आलं. मी ते आधी मनात वाचायला हवं होतं. तसं न करता मोठ्यानं वाचायला लागले आणि मध्येच थांबणं मग बरं दिसेना. मिस्टर हॅनफोर्ड यांनी फार गोड लिहिलं होतं. त्या पिस्तुलावर हक्क सांगणारे मिस्टर व्रोबेल हे तिसरे, असं त्यांनी कळवलं होतं. ती चूक आता इतकी लाडकी झालीय की जो तो ती आपली म्हणतो, यात त्यांना आश्चर्य वाटत नव्हतं. नाव बदलायचं तर क्वेड यांच्या मुलीनं दुजोरा द्यायला हवा. तिचा फोन नंबर दिला होता. तोवर ते तळटीप घालत होते: 'व्रोबेल नावाचे सहकारी मात्र हा मान स्वतःकडे घेतात.' हरकत असेल तर दहा तारखेपर्यंत कळवावं, पुढे पानं छपाईला जातील.

"मान," मिस्टर व्रोबेल म्हणाले. इतक्या महिन्यांत मी वाचत असताना ते पहिल्यांदाच पलंगावर बसले.

लगेच उठलेही. फोन खाली सिस्टरांच्या टेबलावर होता. मी नंबर फिरवला, आणि त्यांनी रिसीव्हर आमच्या दोघांच्या कानांमध्ये धरला, कारण हे आणखी कुणीतरी ऐकलेलं असावं असं त्यांचं म्हणणं. लेस्टरच्या मुलीचं नाव मॅक्सीन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला ठाऊक आहे. बाबांनी आईला सांगितलं होतं. आई मरेपर्यंत तुमचं नाव घरात काढू देत नव्हती. नाताळात तुमचं कार्ड यायचं, ते पाकिटासकट कचऱ्यात जायचं.

"बरोबर केलं तिनं," मिस्टर व्रोबेल म्हणाले.

"केलंच," ती म्हणाली. "पण बाबांचं वेगळं होतं. दुकानात कुणी खिळे घ्यायला आला तर खिळे मिळायच्या आधी त्याला ती गोष्ट ऐकावी लागायची. गावाबाहेरची माणसं यायची, तुम्हीच का ते, म्हणून विचारायची. आणि बाबा म्हणायचे, मीच तो. मिस्टर व्रोबेल, त्यांचं नाव आयुष्यात छापून आलं ते एवढ्यावरच. तुम्हाला त्यांची नोकरी घेऊन झालीय. हे तेवढं राहू द्या."

ते म्हणाले, पण ते खरं नाही.

"ते मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "खरं बोलायचा दिवस तुम्ही केव्हाच घालवलात."

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं तब्येत कशी आहे तेही विचारलं. क्षमेचं मात्र बोलली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही, मला वाटतं त्यांना धीर झाला नाही.

आम्ही वर आलो. त्या दिवशी नऊ तारीख. ॲरिझोनाला फोन करू या, मी म्हटलं, पण पत्रावर त्या गृहस्थांचा नंबर नव्हता. तारच करावी लागणार, नाहीतर पोस्टातून रातोरात पोचणारं पत्र, आणि ते घेणारी गाडी कोपऱ्यावर चार वाजता येई. साडेतीन झाले होते.

"लिही," ते म्हणाले. "म्हातारा भ्रमिष्ट झालाय. त्यानं खोटं सांगितलं."

मी पेन खाली ठेवलं. तसं मी लिहिणार नाही, म्हटलं.

"का? देवाला चालत नाही?"

"मला चालत नाही," मी म्हटलं. "तुम्ही खोटं सांगितलेलं नाही."

ते चिडले. अशा बायकांना घरात बसवायला हवं, असं काहीतरी पोलिशमध्ये बोलले. माझी आजी पोलिश होती, हे ते विसरले असावेत. फेऱ्या घातल्या. पावणेचारला म्हणाले, "मग असं लिही. तळटीप घालू नये. क्वेड यांचं नाव आहे तसं राहावं. कारण विचारू नये." यात खोटं काही नव्हतं. मी लिहिलं, त्यांचा हात धरून सहीच्या जागी नेला, पाकीट चिकटवलं.

"जा," ते म्हणाले. "पळ. नाहीतर माझं मन फिरेल."

मी जिना उतरून फाटकाबाहेर आले. गाडी कोपऱ्यावर उभीच होती, माणूस थैली आत टाकत होता. एवढ्यात वर काच वाजू लागली. मी मान वर केली. मिस्टर व्रोबेल खिडकीशी उभे होते, तोंड भलत्याच बाजूला, आणि मुठीनं काचेवर ठोकत होते. थांब म्हणून ठोकत होते, की पळ म्हणून? आयुष्यभर ज्यानं दारावरच्या थापेतून माणसाचं मन ऐकवलं, त्याची थाप मला ओळखता येईना. पोस्टवाल्यानं विचारलं, "बाई, द्यायचंय की नाही?"

मी पत्र दिलं. काच वाजतच होती.