पाचवी चकती

काचेच्या बशीत वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या पाच चकत्या होत्या, प्रत्येक सहा मिलिमीटर रुंद. औषध लागू पडलं, तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ उमटतं. हे जंतू तिच्या दादाच्या पायातले होते; कोंबड्यांच्या शेडचा पत्रा लागून जखम चिघळली होती.

रविवार असल्यामुळे प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. फ्रीजची घरघर तेवढी सोबतीला होती. चार चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. त्यातलं एक औषध तिच्या ओळखीचं होतं. कोंबड्या धडधाकट असल्या तरी दादा ते रोज त्यांच्या पाण्यात कालवायचा. जंतू त्याला चांगलेच सरावले होते.

फोन वाजला. दादाच होता.

"काय शास्त्रज्ञबाई, सापडलं का माझ्या पायाला औषध?"

"बघतेय. कोंबड्यांना रोज कशाला पाजत होतास रे?"

"अगं, साधी शिंक येऊ दिली नाही पोरींना!" तो हसला, मग हळूच म्हणाला, "औषध नाही मिळालं तर उद्या पाय काढतील म्हणे. तू येशील ना? आपल्या दोघांशिवाय आहे कोण?"

"येते."

फोन ठेवल्यावर शांतता अंगावर आली. 'जरा तूही मोजून बघ' असं म्हणायला शेजारच्या टेबलाशी कुणी नव्हतं.

तिने पाचव्या चकतीवर पट्टी धरली. बशी फिरवून पुन्हा धरली. दोन्ही वेळा कडेपासून कडेपर्यंत सहा मिलिमीटर भरले.