महापरसादचं नाव

सोनीबाईनं आयुष्यात एकाच माणसाला पत्रं लिहिली, आणि त्या माणसाचं नाव मात्र इतक्या वर्षांत ना कधी लिहिलं, ना तोंडानं घेतलं. दोघी एकमेकींच्या महापरसाद होत्या.

कोरचीकडच्या गावांत ही रीत जुनी. लग्न होऊन दोघी एकाच साली या गावात आल्या आणि एकाच विहिरीवर पाणी भरू लागल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, तिथं कोणा म्हाताऱ्यानं जगन्नाथपुरीहून आणलेला प्रसादाचा वाळका भात होता, त्यातला दाणा दोघींनी एकमेकींच्या तोंडात घातला. नारळ बदलले. त्या दिवसापासून नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं झालं. हाक मारायची ती 'महापरसाद' अशीच. नाव घ्यायचं नाही, हसण्यात नाही की भांडणात नाही.

आणि भांडणं काय कमी झाली? एकदा कोंबडीवरून चार महिने अबोला होता. तेव्हाही सोनीबाई कुंपणाकडं तोंड करून म्हणायची, "माझ्या महापरसादले कोणी सांगा वो, तिची कोंबडी माझ्या धानात दिसली तं मी तिले शिजवून खाईन. कोंबडीले."

अक्षरं दोघी सोबत शिकल्या, पन्नाशी उलटल्यावर. अंगणवाडीच्या ओट्यावर वच्छलाबाई संध्याकाळी वर्ग घ्यायची. आधी आपलं नाव, मग शेजारणीचं नाव, असं तिचं शिकवणं. शेजारणीच्या नावाची पाळी आली तेव्हा सोनीबाईनं पाटी खाली ठेवली. "मॅडम, बोललेलं वाऱ्यानं उडून जाते. लिहिलेलं तिथंच राहते. हे तं अजून वाईट." वच्छलाबाईनं मग तिला बैल लिहायला दिला. महापरसाद शेजारी पोट धरून हसली.

अक्षरं अशी उशिरा हाती आली म्हणून असेल, पण लिहिलेल्याचा सोनीबाईला फार मान. एसटीत 'हात बाहेर काढू नये' वाचलं की ती आपला हात आत घ्यायची आणि पुढच्या सीटवरच्या माणसालाही घ्यायला लावायची. दवाखान्यात 'शांतता राखा' असं लिहिलेलं, तर डॉक्टरनं काय दुखतं विचारलं तरी नुसतं बोटानं दाखवायची.

मग महापरसादचा नवरा गेला, पाठोपाठ तिचे कान गेले आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. लेक रंजीता नागपूरला एका कचेरीत होती, ती आईला घेऊन गेली. सोनीबाईचा नवरा आधीच वारला होता आणि पोरगी राजनांदगावकडं दिलेली. तेव्हा कुंपणाच्या अलीकडं एक म्हातारी उरली, पलीकडं कुलूप.

कानच नाहीत तर फोनवर काय बोलणार? रंजीतानंच वाट काढली. सोनीबाई मावशीच्या फोनवर तिनं मेल टाकून दिलं. सोनीबाईनं एका बोटानं पत्र लिहायचं, ते रंजीताच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर जायचं, रंजीता ते मोठमोठ्या अक्षरांत कागदावर छापून घरी न्यायची. महापरसाद वहीच्या पानावर उत्तर लिहायची, रंजीता त्याचा फोटो मेलनं पाठवायची. फोटोत महापरसादचं अक्षर जसंच्या तसं दिसे, उतारावरून गाई उतरल्यासारखं.

मेल जोडताना रंजीता म्हणाली होती, "मावशी, पासवर्ड आईचं नाव ठेवलं, समोर एक-दोन-तीन. इंग्रजीत. तू दुसरं सगळं विसरशील, हे नाई विसरणार." सोनीबाई नुसती हसली होती. पासवर्ड पुन्हा कधी लागला नाही. घरून 'पाठवा' दाबायचं आणि दुसऱ्या दिवशी बोडीच्या पाळीवर जायचं. गावात रेंज येते ती त्या तळ्याच्या बांधावरच. तिथं पोचलं की पत्र आपोआप निघून जायचं.

संक्रांतीनंतर महापरसादचं पत्र आलं. 'रंजीताची पुण्याले बदली होऊन राह्यली. म्हणते, आई तू पण चाल. मी म्हटलं, थांब, विचारून सांगतो. मले पुण्याले नाई जायचं. तू तुझ्या घरी एक खाट टाकशील तं मी तिथंच येतो. दोघी एका चुलीवर राहू. तुले जड होत असन तं तसं लिह, मी रागावणार नाई. पण लवकर लिह.'

सोनीबाईला उत्तर द्यायला नऊ दिवस लागले. मनात 'ये' पहिल्या घटकेलाच आलं होतं. पण मग दुसरे विचार आले. तिचे डोळे पूर्ण गेले तर? पावसाळ्यात नाला भरला की आठ आठ दिवस गाव तुटतं, तेव्हा तिला ताप आला तर? रंजीता म्हणेल, मावशीनं आपल्या सोबतीसाठी माझी आई ठेवून घेतली. सोनीबाई खाट झटकायची, पुन्हा उभी करून ठेवायची. शेवटी नवव्या दिवशी तिनं आठ ओळी लिहिल्या. शेवटची ओळ एकाच अक्षराची होती, 'ये'. 'पाठवा' दाबलं.

सकाळी पाळीवर चढली तर फोन थरथरला. पत्र जाण्याआधीच पडद्यावर दुसरंच आलं. 'नवीन अपडेट तयार आहे. आता इन्स्टॉल करा.' खाली दोन चौकोन होते, 'आता' आणि 'नंतर'. वर स्वच्छ मराठीत 'आता' लिहिलेलं असताना 'नंतर' दाबणं सोनीबाईला बरं दिसेना. फोन काळा झाला, एक गोल फिरत राहिला. ती तासभर पाळीवर बसून राहिली. फोन उजाडला तेव्हा अक्षरं बारीक झाली होती आणि मेलचा लिफाफा जागेवरून हलला होता. तो दाबला तर 'आपले खाते पुन्हा जोडा' आणि खाली रिकामी चौकट, इंग्रजी अक्षरांची. तिला वाटलं, फोन दमला असेल, पत्र जाईल मागाहून.

पंधरा दिवस उत्तर आलं नाही. रंजीताचा नंबर कचेरीनं दिलेला होता, तो लावला तर आतली बाई म्हणे, हा नंबर वापरात नाही. तेव्हा सोनीबाई बाजाराच्या दिवशी, मंगळवारी, तालुक्याला गेली. तिथं चिमूरकडच्या विक्कीनं फोन दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं.

विक्कीनं फोन खालीवर केला. "मावशी, फोनची सिस्टीम नवी झाली. तुमचं मेल जुन्या पद्धतीनं जोडलं होतं, ते नवीले चालत नाई. पासवर्ड टाकाव लागन, बस."

"मंग माझं पत्र गेलं का नाई?"

"जोडलंच नाई तं जाईन कुठी? आत अडकून असन. येणारं बाहेर अडकून असन."

सोनीबाईनं स्टूल ओढून घेतलं.

"सांगा पासवर्ड."

तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं.

"विसरल्या का?"

"विसरली नाई."

"मंग?"

"माझ्या महापरसादचं नाव हाय."

"हे तं चांगलं हाय ना. सांगा."

तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. विक्कीनं ऐकलं, मान हलवली, मग म्हणाला, "अच्छा, कागदावर लिहून द्या."

"लिहिलं तं अजून वाईट."

त्यानं दुसरी युक्ती केली. पासवर्ड विसरला असं फोनला सांगितलं. फोन म्हणाला, कोड पाठवतो, पण पाठवला तो रंजीताच्या त्या बंद नंबरवर. विक्कीनं फोन काउंटरवर ठेवला. "मावशी, फोनमधली अडचण मी काढून देतो. तुमच्यातली कशी काढू? असं करा, गावातून कोणाले तरी घेऊन या. कोणाले तं त्या बाईचं नाव मालूम असन. तो सांगन, मी टाकतो, तुम्ही कान झाका."

हे तिला पटलं. गावी परतल्या परतल्या ती बिरजूच्या अंगणात गेली. बिरजू सत्तरीचा, गावात सगळ्यात जुना तोच.

"बिरजूभाऊ, कोटगुलवालीचं नाव काय होतं?"

"कोणत्या कोटगुलवालीचं?"

"गावात किती कोटगुलवाल्या हायेत?"

"एकच होती. तिचं नाव कोटगुलवाली."

"ते माहेरचं गाव झालं. नाव काय?"

बिरजूनं डोकं खाजवलं. "आम्ही तं तिले कोटगुलवालीच म्हणत होतो. नंतर रंजीताची माय. तू तिची महापरसाद, आणि मले विचारतं?"

"मले मालूम हाय. मले घेता येत नाई."

"मंग कानात सांग, मी मोठ्यानं बोलतो."

"तुझ्या कानात सांगितलं म्हंजे घेतलंच ना, येड्या."

कलाबाईला विचारलं. ती म्हणाली, फुलाचं काहीतरी होतं. फुलाचं नव्हतं. सासू-सासरे, नवरा, दीर सगळे गेलेले. रेशनकार्डावरचं नाव नागपूरला गेलेलं. वच्छलाबाई बदलून कुठं गेली कोणाला ठाऊक नाही. तीन दिवस सोनीबाई घरोघर फिरली, आणि तिच्या ध्यानात आलं की पंचेचाळीस वर्षं जी बाई या गावात राबली, तिचं नाव आता गावात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ते तिच्या स्वतःच्या पोटात आहे.

पुढच्या मंगळवारी ती एकटीच विक्कीच्या दुकानात गेली. स्टुलावर बसली. पदर डोक्यावर घेतला.

"भेटलं कोणी?"

"नाई. मीच सांगतो."

आणि तिनं नाव घेतलं. नेमका तेव्हाच रस्त्यावरून धानाचा ट्रक गेला.

"काय म्हटलं, मावशी?"

तिनं पुन्हा घेतलं. आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"सोमारी?" विक्की बोटं चालवत म्हणाला. "सोमारी, समोर एक-दोन-तीन. बरोबर?"

तिनं मान हलवली. दुसऱ्याच्या तोंडून ते नाव तिनं कित्येक वर्षांनी ऐकलं होतं. महापरसादची सासू अशी हाक मारायची, पहिल्या वर्षी, सून नवी होती तेव्हा.

"झालं," विक्की म्हणाला. "पाहा, तुमचं पत्र निघालं. आणि तीन आले. घ्या."

फोन घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. वहीची तीन पानं होती. पहिल्यात लिहिलं होतं, 'तुझं पत्र नाई आलं. रेंज नसन. मी थांबतो.'

दुसरं दहा दिवसांनंतरचं. 'रंजीतानं साहेबाले सांगून आठ दिवस वाढवून घेतले, तुझ्या पत्रासाठी. नाई म्हणायचं असन तं नाई लिह. पण लिह.'

तिसरं. 'समजलं मले. तुले नाई म्हणता येत नाई, म्हणून तू लिहिलं नाई. तुझा सभाव मले मालूम हाय. मी रागावली नाई. शनिवारची गाडी हाय.' खाली रंजीतानं लिहिलं होतं, 'मावशी, इथलं माझं मेल आता बंद होईल. पुण्याचा नवीन पत्ता आणि नंबर मिळाला की कळवते.'

सोनीबाईनं बोटांवर दिवस मोजले. शनिवार होऊन तीन दिवस झाले होते. गेल्या मंगळवारी ती याच दुकानात स्टुलावर बसली होती, आणि नाव तोंडात होतं.

ती आत गेली. "विक्की, गेलेलं पत्र परत बोलावता येते का?"

"गेलं ते गेलं, मावशी. काऊन? चुकीचं लिहिलं का?"

"नाई. बरोबर लिहिलं होतं."

तिचं 'ये' आता नागपूरच्या रिकाम्या मेजावर पडलं असेल. ते कोणी छापून घरी नेणार नव्हतं.

गावी पोचली तर बिरजू वाटेतच उभा. "काय म्हणते कोटगुलवाली? येते का?"

"पुण्याले गेली."

"पुण्याले?" बिरजू म्हणाला. "तिथं तं तिले कोटगुलवाली म्हणणारंही कोणी नाई."

सोनीबाईनं दार उघडलं. उभी केलेली खाट तिनं खाली टाकली आणि तिच्यावरच बसली. मग फोन काढून एका बोटानं लिहायला लागली. लिहिलं, 'महापरसाद, मी ये म्हटलं होतं. फोन नवा झाला आणि पत्र आत अडकलं. मी तुझं नाव घेतलं. दोनदा घेतलं. आठ दिवस आधी घेतलं असतं तं तू इथी असती. मले माफ कर. नाव घेतलं म्हणून कर आणि उशिरा घेतलं म्हणूनही कर.'

आणखी काय लिहावं ते तिला सुचेना. धानाचं काही लिहिलं, ते पुसलं. पत्र पूर्ण झालं होतं. वर 'कोणाला' असं लिहिलेल्या ओळीपुढं मात्र टाकायला काही नव्हतं, म्हणून फोननं ते तसंच ठेवून दिलं.

त्याला आता अकरा दिवस झाले. सोनीबाई रोज सकाळी पाळीवर जाते, फोन वर धरते, पुण्याचा पत्ता येतो का म्हणून घटकाभर उभी राहते आणि खाली उतरते.