मंगळवारचा फोन

ताई गेली, पण तिचा आवाज आरोग्य संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये तसाच राहिला. दर मंगळवारी सकाळी दहा वाजता तो दोनशे बारा लोकांना फोन करायचा.

"मी ताई बोलतेय. या आठवड्यात गोळी रोज घेतली का? घेतली असेल तर एक दाबा, चुकली असेल तर दोन. कंडोम संपले असतील तर तीन. लाजू नका, माझी लाज कधीच सरलीय."

असं पन्नास सेकंद. पुढे फोन आपोआप बंद व्हायचा.

एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची ही गोळी लोक किती दिवस नेमाने घेतात, आणि ओळखीच्या आवाजाने त्यात काही फरक पडतो का, हे ऑफिसला पाहायचं होतं. ट्रकवाले, गोदामातले हमाल, धंदा करणाऱ्या बायका, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, सगळे त्यात होते. ताई त्यांची समुपदेशक. जे बायकोला सांगता येत नाही ते लोक तिला सांगायचे. तिला साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. लोकांना कळवू या, कळवू या म्हणता म्हणता पाच महिने उलटले.

तिची धाकटी बहीण त्याच ऑफिसात नोंदी भरायची. दर बुधवारी एक, दोन, तीनचे आकडे तिच्यासमोर यायचे. तो निरोप मात्र तिने ताई गेल्यापासून ऐकला नव्हता. ताई गेल्यावर 'एक' दाबणारे वाढले होते. हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्याचं समाधान वाटत नव्हतं.

"आकडे चांगले आहेत, पण मला बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "बहीण तुझी. तिचा आवाज ठेवायचा की बंद करायचा, तू म्हणशील तसं करू."

"बघते," धाकटी म्हणाली, आणि चालढकल करत राहिली.

एका सोमवारी उंच्या आला. गोदामातला हमाल, दारातून वाकून आत यायचा म्हणून ताईनेच त्याला ते नाव दिलं होतं. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला यायचा, तोही एकटा. मागच्या खेपेला ताई दिसली नाही, तेव्हा सुट्टीवर असेल असं त्याने धरलं होतं. आज त्याच्यामागे एक किडकिडीत माणूस उभा होता, तोंडावर रुमाल धरून.

"ताईंना सांगा, घेऊन आलोय याला," उंच्या म्हणाला.

धाकटीने पेन खाली ठेवलं. "बसा जरा. ताई नाही आता. पाच महिने झाले तिला जाऊन."

उंच्या बसला नाही. "कुठे जाऊन?"

"वारली ती."

तो हळू म्हणाला, "गुरुवारी बोलल्या की माझ्याशी."

"मंगळवारी. तो भरून ठेवलेला निरोप आहे."

"मंगळवारचा मला पाठ आहे. हा गुरुवारी आला. म्हणाल्या, त्याचा खोकला साधा नाही, हाताला धरून घेऊन ये. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं याच्याबद्दल? तर म्हणाल्या, तू फोन उचलतोस तेव्हा मागे खोकतो ना तो." त्याने मान खाली घातली. "याचं नाव मी इथे कधी काढलं नव्हतं. तुमच्या कागदावरही नाही."

ते खरं होतं. जोडीदाराच्या रकान्यात दर वेळी त्याने 'कुणी नाही' असंच सांगितलं होतं.

किडकिडीत माणसाला तपासणीला आत पाठवून धाकटीने फोनची यादी उघडली. गुरुवार, अकरा वाजून वीस मिनिटं. उंच्याचा क्रमांक. चार मिनिटं नऊ सेकंद. त्या दिवशी दुसरा एकही फोन गेलेला नव्हता.

फोनची यंत्रणा बघणारा टेक्निशियन आला, त्याने वायरी हलवून पाहिल्या. "लाइन अडकली असेल. होतं असं."

"अडकलेली लाइन बोलते का?" तिने विचारलं.

किडकिडीत माणसाला एचआयव्ही निघाला, आणि फुप्फुसात क्षय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दोन महिने गेले असते तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं. आता दोन्हींवर उपचार आहेत. उंच्या गोळ्या नेमाने घेत होता. त्याला काही निघालं नाही. बाकावर दोघं बसले होते, खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता.

दुपारी धाकटीने कानाला हेडफोन लावला आणि ताईचा निरोप ऐकला. पन्नास सेकंद. संपल्यावरही तिने हेडफोन काढला नाही. नुसती खरखर होती. आपल्याशी काही बोलेल या आशेने ती अर्धा तास तशीच बसली, आणि मग तिला रडू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशीचा फोन तिने थांबवून ठेवला आणि त्या आठवड्यात स्वतःच्या आवाजात नवा निरोप भरला. "मी ताईची धाकटी बहीण बोलतेय. ताई आता आपल्यात नाही. पण गोळी चुकवू नका. एक, दोन, तीन पूर्वीसारखंच दाबा." टेक्निशियनने जुना निरोप तिच्यासमोर पुसला. पुढच्या मंगळवारी दहा वाजता फोन गेले.

बुधवारी उंच्या जोडीदाराची औषधं न्यायला आला.

"कालचा फोन आला ना?" तिने विचारलं.

"आला. ताईंचा."

"माझा. मी सांगितलंय त्यात, ताई नाही म्हणून."

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "तसं काही नव्हतं. नेहमीचंच. आम्ही दोघांनी ऐकलं, कानाला कान लावून. आवाज तेवढा थकल्यासारखा वाटला."

धाकटीने पडद्यावर पाहिलं. त्याच्या क्रमांकापुढे एक होता. इतर दोनशे अकरांपुढेही एकच. एकाचीही गोळी चुकली नव्हती.

"मग तुम्ही काय केलंत?"

"एक दाबला. दुसरं काय करणार?"

तिने औषधांच्या बाटल्या त्याच्या हातात दिल्या, कुठली सकाळी आणि कुठली जेवल्यावर ते दोनदा सांगितलं, आणि जोडीदाराच्या पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून दिली.