चैत्रालीने वाजवलेला गितारॉन

मी एक जुना गितारॉन आहे. मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका. मेक्सिकोतल्या मारियाची गाण्यांना खर्जाचा आधार देणारी, फुगीर पाठीची भली मोठी गिटार म्हणजे मी. तिथल्याच पाराचो गावच्या एका कारागिराने मला घडवले आणि रोहेलियो नावाच्या वादकाने इंग्लंडमधल्या लीड्सला आणले. वीस वर्षे आम्ही लग्ने आणि वाढदिवस गाजवले. पुढे संधिवाताने त्याची बोटे आखडली. मी कम्युनिटी सेंटरच्या कपाटात गेलो. शेजारी हीटिंगचा पाइप होता. लाकूड वाळत गेले आणि एका हिवाळ्यात माझी पाठ उकलली. बघायला कोणी आले नाही.

मला बाहेर काढले ते चैत्रालीने. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. रोहेलियोच्या बोटांवर उपचार करता करता ती त्याची शिष्य झाली होती. रोहेलियोने शेजारी बसून सांगितले आणि तिने सरस लावून माझी चीर सांधली.

तिचे वडील, डॉक्टर संजय, मला पाहून म्हणाले, "अगं, एवढं धूड तुला पेलणार आहे का?"

"बाबा, रोज पेशंट्सना उभं करते मी. हा तर हलका आहे!"

माझ्या दोन-दोन तारा एकदम ओढाव्या लागतात. तिच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. सहा वर्षे ती मागे हटली नाही.

यंदा लंडनमधल्या ईलिंगच्या एका हॉलमध्ये मेक्सिकोच्या प्रादेशिक संगीतातल्या नव्या कलाकारांसाठी पुरस्कार होते. चैत्रालीने स्वतःचे गाणे रचले होते. दोन कडवी स्पॅनिश, तिसरे मराठी.

तासभर आधी संयोजिका सारा म्हणाली, "मराठी कडवं गाळ. परीक्षकांना हे मेक्सिकन वाटणार नाही. हातचं बक्षीस जाईल."

चैत्राली शांतपणे म्हणाली, "चाल मी रोहेलियोकडून शिकले, वाद्य त्याचं आहे. पण त्याचे आभार मला माझ्या भाषेत मानायचेत. कडवं राहील."

ती गायली. मी जीव ओतून घुमलो. मग तिसरे, मराठी कडवे सुरू झाले. मारियाचीत ओळ भावली की श्रोते आरोळी ठोकतात. मराठीचा एक शब्दही न समजणाऱ्या रोहेलियोने पहिल्या रांगेतून अशी आरोळी ठोकली, की पाठोपाठ सगळा हॉल गरजला.

पुरस्कार चैत्रालीलाच मिळाला. तिने तो रोहेलियोच्या हातात दिला. त्याच्या वाकड्या बोटांना तो नीट धरता येईना, म्हणून तिने खालून आपला हात लावला.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत एखादे वाद्य मुके पडले असेल. ते पुसा, सांधा, वाजवा. आणि ते शिकवणारे कोणी जवळ असेल, तर आजच त्यांच्याकडे जा. माझी पाठ सांधता आली, पण रोहेलियो नसता तर मला वाजवायचे कसे, हे चैत्रालीला कोणी सांगितले असते?