तीस दिवसांच्या आत

परिवहन कचेरीच्या फाटकाबाहेर माझं टेबल आहे. टेबल घडीचं, वर छत्री आणि कागद उडू नयेत म्हणून चाकाचा एक गंजका नट. ज्यांचा एकच ट्रक आहे आणि तो जे स्वतःच चालवतात, त्यांची कागदपत्रं मी करतो. नोंदणी, परमिट, विमा, तपासणी. या लोकांना रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा पाठ असतो, पण फॉर्मवरचा रकाना दिसला की डोळ्यांपुढे अंधारी येते. मी त्यांच्यावर ओरडतो, ते ऐकून घेतात. तारीख एकदा चुकली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी काही होत नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो.

पक्के माझ्याकडे एकोणीस वर्षं येत होते. खरं नाव फक्त परमिटवर, बाकी सगळीकडे पक्के. अमुक दिवशी माल पोचवतो म्हणाले की आभाळ कोसळलं तरी पोचवायचे, म्हणून हे नाव पडलं. "बोलणं पक्कं आणि कागद कच्चे," असं मी चिडवायचो. ते हसून रेक्झिनची पिशवी पुढे सरकवायचे. शेवटची तीन वर्षं मुलगीही त्यांच्याबरोबर ट्रक चालवायची. तिचं अवजड वाहनांचं लायसन्स मीच काढून दिलं होतं.

परवा तीच पिशवी घेऊन ती एकटी आली.

"काका, ट्रक माझ्या नावावर करायचाय. परमिटसकट."

मी पक्क्यांच्या मृत्यूचा दाखला हातात घेतला. तारीख बोटांवर मोजली, मग कॅलेंडरवर. अडतीस दिवस झाले होते.

"इतके दिवस होतीस कुठे?"

"ट्रकवर."

पक्क्यांनी काचेच्या कारखान्याला चार खेपांचा शब्द दिला होता. पहिली खेप भरून ट्रक दारात उभा असताना ते गेले. "भरलेला माल तसाच कसा ठेवायचा, काका? पाचव्या दिवशी मी निघाले. मग उरलेल्या तीनही केल्या. म्हटलं, आधी बाबांचं पुरं करू, मग माझं नाव लावू." तिने चार पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या. चारही पावत्यांवर शिक्का होता, माल सुस्थितीत मिळाला. एकही काच फुटली नव्हती.

मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मी ओरडलो.

"अगं, मालक गेला की तीस दिवसांच्या आत कचेरीला कळवावं लागतं. कळवलं की वारसाला त्याच परमिटवर गाडी चालवता येते आणि पुढे ते नावावर होतं. नाही कळवलं तर परमिट मालकाबरोबरच जातं. आणि एकट्या ट्रकवाल्याला नवं परमिट देणं बंद होऊन दोन वर्षं झाली. पाच ओळींचा अर्ज होता! कोणी सांगितलं नाही तुला?"

विचारलं खरं, पण सांगणारा मीच होतो ना. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. तोच अर्ज भरून, घडी घालून खिशात घेऊन गेलो होतो. फक्त तिची सही हवी होती. पण आई भिंतीला टेकून बसलेली, पोरीचे डोळे सुजलेले. अशा घरात कागद कसा काढायचा? तासभर बसलो, पाणी प्यायलो आणि निघालो. नंतर दोनदा फोन हातात घेतला. म्हणतील, आला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला. येईल आज, येईल उद्या, असं म्हणत राहिलो.

तिला घेऊन मी खिडकीवर गेलो. खिडकीतल्या बाई मनाने चांगल्या. दाखला पाहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक वाट आहे. गाडी तेव्हापासून जागची हललेली नाही असं लिहून द्या. उशीर माफ करता येतो."

मी पेन तिच्या हातात दिलं. "लिही."

"मग या चार खेपा?"

"झाल्याच नाहीत."

"म्हणजे बाबा शब्द देऊन गेले आणि माल पोचलाच नाही, असं मी सही करून सांगायचं?"

"कागदापुरतं, पोरी. शब्दाने काय पोट भरणार आहे? आईचा विचार कर."

तिने हातातल्या पावत्यांवरच्या तारखा एकेक करून पाहिल्या. मागचा माणूस घसा खाकरत होता. मग तिने लिहिलं. चार खेपा, चार तारखा, खाली सही. बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि रद्दचा शिक्का उचलला. त्यांचा तरी काय दोष?

बाहेर आलो. समोर ट्रक उभा होता, धुऊन पुसून आणलेला. आता परमिटशिवाय तो विकायचा म्हणजे भंगाराच्याच भावाने जायचा. तिने पावत्या पिशवीत नीट ठेवल्या. मला राहवेना. म्हटलं, आता सांगून टाकू, मग चार शिव्या देईल तर देऊ दे.

"मी त्या दिवशी तुमच्याकडे आलो होतो ना..."

"आठवतंय की," ती म्हणाली. "त्या दिवशी जो तो ट्रकचंच विचारत होता. दलाल टायर दाबून बघत होता, चुलते किंमत काढत होते. तुम्ही तेवढे गप्प बसून राहिलात. कागदाचा माणूस असून कागदाचं अक्षर काढलं नाहीत. आई अजून म्हणते, माणूस असावा तर असा."

ती वाकून माझ्या पाया पडली आणि ट्रककडे निघाली.

तो भरलेला अर्ज अजून घडी घातलेलाच माझ्या खिशात होता. तो मी परवाही बाहेर काढला नाही.