न्यूनगंडाचा मळ

"पडला! पडला!" अशी आरोळी उठली आणि आमच्या धायरीच्या सोसायटीचा हॉल टाळ्यांनी दणाणला.

जे पडलं ते राखाडी रंगाचं, शेवयांच्या चुऱ्यासारखं काहीतरी होतं. खुर्चीत बसलेल्या बाईच्या गालावरून ते पांढऱ्या टॉवेलवर पडत होतं आणि ते बघायला मागच्या रांगेतल्या बायका चक्क खुर्च्यांवर चढल्या होत्या. पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला ज्या हॉलमध्ये कुत्रं फिरकत नाही, तिथे शनिवारी सकाळी उभं राहायला जागा नव्हती.

"नीट बघा!" बाईच्या गालावर जेल चोळत तेजोमयीताई माइकवर म्हणाल्या. "घरी साबणाने जातो तो धुळीचा मळ. हा न्यूनगंडाचा मळ आहे! 'नाक बसकं आहे', 'रंग जरा उजळ असता तर', आजवर जे जे कोणी तुम्हाला बोललं ते सगळं त्वचेत साचलंय. विज्ञान याला सेल मेमरी म्हणतं. माझं आत्मतेज जेल ते मुळासकट ओढून काढतं. मळ गेला की कॉन्फिडन्स आपोआप वर येतो!"

विज्ञान बिचारं असलं काही म्हणत नाही. पण ते भांडायला येत नाही, म्हणून कोणीही उठतं आणि आपला कचरा त्याच्या दारात टाकतं.

खुर्चीतली बाई उठली. समोर गोल दिवा लावलेला आरसा होता. त्या दिव्यात भिंतीवरची पालसुद्धा तेजस्वी दिसली असती.

"कसं वाटतंय?"

"हलकं वाटतंय, ताई!"

पुन्हा टाळ्या. चेअरमन पोपटरावांनी तर शिट्टी मारली. या माणसाने हॉल फुकट दिला होता, कारण ताईंनी त्यांच्या टकलावरूनही मूठभर न्यूनगंड काढून दाखवला होता.

इथवर मी हसलो असतो आणि घरी गेलो असतो. हातात भाजीची पिशवी होती, पोटात भूक होती. पण दारात आमच्या शेजारच्या शालनवहिनी भेटल्या. डोळे रडून सुजलेले.

"अहो भाऊजी, पूर्वाला समजवा हो. आज तीन वाजता पार खराडीला शेवटचा इंटरव्ह्यू आहे, आणि ती आत मागे बसलीय, जात नाही म्हणते."

पूर्वा त्यांची मुलगी. कॉम्प्युटरमधली हुशार पोर. दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे आहेत, एवढंच. ताईंकडे तिच्या बैठका चालल्या होत्या आणि शेवटची उद्या, रविवारी होती. ताईंचा नियम असा, की शेवटची बैठक होईपर्यंत चेहरा परक्या माणसाला दाखवायचा नाही. दाखवला तर मळ दुपटीने परत येतो. पुण्यात हा नियम पाळायला काय लागतं? इथल्या निम्म्या पोरी-बाळी स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळूनच फिरतात. तशी पूर्वाही आठवडाभर लिफ्टमध्ये, जिन्यात, घरातसुद्धा फक्त डोळे उघडे ठेवून वावरत होती आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"आजारी आहे असा मेल लिहून ठेवलाय तिने," वहिनी म्हणाल्या. "फक्त पाठवायचा राहिलाय."

मी तसाच पार्किंगमध्ये गेलो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर डॉ. मिसबा राहतात. त्वचारोगतज्ज्ञ, दवाखाना कर्वेनगरला, आणि निघायची वेळ हीच. त्या स्कूटर काढतच होत्या. स्कार्फ, गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे, असा पुण्याचा पूर्ण पोशाख.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "काका, याच बाईंनी चोळून चोळून गाल सोलून काढलेली एक पेशंट कालच माझ्याकडे आली होती. चला, वर जाऊ."

"स्कार्फ काढा की."

"कशाला? नियम आहे ना त्यांचा."

वर जाऊन त्या थेट रिकाम्या खुर्चीत बसल्या. त्या गुंडाळलेल्या अवतारात त्यांना शेजाऱ्यांनीसुद्धा ओळखलं नाही, तर ताई काय ओळखणार? ताईंना वाटलं, आपलीच कोणी निष्ठावान शिष्या.

"ये बाळा! नियम पाळतेस, शाब्बास. चेहरा उघडू नकोस. मला बघायची गरजच नाही, तुझी स्पंदनं सांगतात." ताईंनी डोळे मिटले. "रंग सावळा. लहानपणापासून ऐकत आलीस. शिक्षण अर्धवट सुटलं... हो ना? चार लोकांत तोंड उघडायची भीती वाटते."

"फार," स्कार्फच्या आतून आवाज आला.

"हात दे. हातावरही उतरतो तो."

मिसबांनी एक मोजा काढला. ताईंनी बाटलीतलं जेल मनगटावर लावलं आणि चोळलं. मळ पडला. टाळ्या पडल्या. "बघा किती साचलंय बिचारीत!" ताई कळवळल्या.

मिसबांनी सावकाश गॉगल काढला, मग स्कार्फ. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. "अगं, या तर तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर!"

"शिक्षण अर्धवट सुटलं नाही, ताई. सुटता सुटत नव्हतं. एमडीपर्यंत धरून बसलं होतं मला," मिसबा म्हणाल्या. "आता बाटली देता का जरा? काका, पिशवीत काय आहे?"

"दुधी."

"द्या."

त्यांनी दुधी मांडीवर घेतला, त्यावर जेल लावलं आणि बोटांनी गोल गोल चोळायला सुरुवात केली. मागच्या बायका पुन्हा खुर्च्यांवर चढल्या. आणि दुधीवरून राखाडी शेवया पडायला लागल्या. भरपूर. पोपटरावांच्या टकलापेक्षा जास्त.

पहिल्या रांगेतल्या मुक्ताई आजी, मूळच्या धायरी गावातल्या, पुढे वाकल्या. "आत्ता गं बया! दुधीला बी न्यूनगंड हाय?"

"असणारच आजी," मी म्हणालो. "त्याला घरोघरी पोरं नावं ठेवतात."

एवढा हशा पिकला की माइक शिट्ट्या मारायला लागला. ताईंनी तो घट्ट धरला. "भाजीतही प्राण असतो! तीही नकारात्मकता शोषते!"

"मग आमटीत आधी ती गाळून घ्यायची का?" मागून कोणीतरी विचारलं.

मिसबांनी तोपर्यंत स्टीलच्या खुर्चीच्या दांडीला जेल चोळलं होतं. मळ तिथेही पडला. "हा मळ बाटलीतच आहे," त्या म्हणाल्या. "डिंकासारखा एक घट्ट पदार्थ आहे, त्यात कोळशाची बारीक पूड. पातळ पसरला की दिसत नाही. चोळला की पाणी वेगळं होतं, डिंकाच्या वळ्या होतात, पूड एका जागी गोळा होते आणि राखाडी दिसते. माणूस, दुधी, खुर्ची, त्याला सगळे सारखेच. या आजी. तुम्ही करून बघा."

आजींनी करून बघितलं. मग सगळ्यांनाच करून बघायचं होतं. कोणी मोबाइलच्या काचेला लावलं, कोणी हेल्मेटला. पोपटराव मात्र टक्कल चाचपत उभे होते.

एवढ्यात मागे खुर्ची पडली. पूर्वा उभी राहिली होती. स्कार्फ तसाच, पण डोळे भरलेले.

"हसा! सगळे हसा. पण मला बरं वाटत होतं! पहिल्या बैठकीनंतर मी कंपनीच्या मॅडमशी फोनवर एकदासुद्धा अडखळले नाही. ते काय खोटं होतं?"

हसू थांबलं. मिसबा तिच्याजवळ गेल्या. "ते खरं होतं. त्या बैठकीत काय झालं, सांग."

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाल्या, पोरगी किती गोड दिसतीय."

"त्याआधी कोणी म्हणालं होतं असं?"

पूर्वाने आईकडे पाहिलं. शालनवहिनींनी मान खाली घातली. 'आधी तोंडाचं बघ, मग नोकरीचं' हे त्यांचं वाक्य आमच्या सामाईक भिंतीलासुद्धा पाठ आहे.

"म्हणजे गुण आलाच ना माझा!" ताई उसळल्या.

"गुण टाळ्यांचा आला," मिसबा म्हणाल्या. "तुम्ही तो बाटलीच्या नावावर खपवला."

"पण तुम्हीही तेच करता ना?" पूर्वाने तावातावाने विचारलं. "पीलिंग, लेझर. तुमच्या बोर्डवर लिहिलंय."

"करते. तुझे खड्डेही कमी होतील. पूर्ण जाणार नाहीत, बरेच महिने लागतील, आणि हे मी आधीच सांगते. चेहरा सुधारला की माणसं ताठ मानेने चालायला लागतात, हे मी रोज बघते. ज्याला हवं त्याने खुशाल करावं, त्यात लाजायचं काय? पण मान ताठ करायला माझी परवानगी लागत नाही. आणि 'मी सांगेपर्यंत तोंड लपवून बस' असं कोणी म्हणालं, तर उठून चालू लागायचं. मी म्हणाले तरी."

पूर्वाने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. मग तिने स्कार्फ सोडला. रडून लाल झालेलं नाक, खड्डे, सगळं उघडं. तिने खिशातून मोबाइल काढला, मेल उघडला आणि पुसून टाकला.

"आता निघ," मिसबा म्हणाल्या. "सिंहगड रोडचं ट्रॅफिक तुझ्या न्यूनगंडासाठी थांबणार नाही."

शालनवहिनी पुढे आल्या. त्यांनी तिच्या हातातून स्कार्फ काढून घेतला. "हुशार आहेस तू. जा."

"आणि दिसते कशी?"

"माझ्यासारखी."

"अरे देवा!" म्हणत पूर्वा हसली आणि जिना उतरून गेली.

ताईंनी पुन्हा माइक उचलला, तेव्हा पोपटरावांनी घड्याळ बघितलं. "बाई, हॉल बारापर्यंतच दिला होता. आणि जाताना खुर्च्या पुसून जा. न्यूनगंड सांडलाय."

संध्याकाळी पूर्वा परतली तेव्हा आम्ही सगळे खालीच होतो. "चेहऱ्याबद्दल काही विचारलं का गं?" वहिनींना राहवलं नाही.

"विचारलं ना. एक सर म्हणाले, चेहरा एवढा रागीट का? मी म्हटलं, सर, तुमचं उत्तर चुकलंय म्हणून. मग फळ्यावर सोडवून दाखवलं."

"आणि ते?"

"मान्य करायला वेळ लागला त्यांना. पण केलं."

तिला नोकरी लागली का, हे मी मुद्दाम सांगत नाही. लागली म्हटलं तर तुम्ही म्हणाल, डॉक्टरीणबाईंचा हातगुण. नाही म्हटलं तर म्हणाल, शेवटची बैठक राहिली ना! आपल्याकडे चमत्कार असेच जगतात. गुण आला की बाबाचा, नाही आला की तुमची श्रद्धा कमी.

म्हणून हात जोडून नाही, हात कमरेवर ठेवून सांगतो. क्रीम लावा, केस रंगवा, नाक सरळ करून घ्या. तुमचा चेहरा आहे. फक्त करणाऱ्याला विचारा, यात काय आहे, किती फरक पडेल, काय बिघडू शकतं. उत्तर न देता जो तुम्हाला तुमच्याच चेहऱ्याची लाज वाटायला लावतो, त्याचा धंदा त्या लाजेवर चालतो. आणि घरच्यांनो, पोरीला दोन बरे शब्द ऐकायला परक्या बाईपुढे रांगेत बसावं लागतं, याचा मात्र तुम्हीच विचार करा. ते शब्द घरी फुकट मिळायला हवेत.